गवताचे धनी : मारा ते न्गोरोंगोरो

केनिया आणि टांझानिया यांच्या सीमेवर पसरलेले मारा-सेरेंगेटीचे रान भूगोलाच्या दृष्टीने एकच आहे. सुमारे तेरा लाख विल्डेबीस्ट (बैलासारखी दिसणारी मोठी हरिणे) आणि त्यांच्यासोबत दोनेक लाख झेब्रे दरवर्षी पावसाच्या मागोमाग या रानाला फेरी घालतात. मात्र त्याच रानात माणसाने आखलेली प्रत्येक रेषा ओलांडताना कायदा बदलतो, तिकिटाचे पैसे घेणारे कार्यालय बदलते आणि गुरे चारायची की नाही याचा निवाडा करणारा माणूसही बदलतो. आपल्याकडची बहुतेक मंडळी विमानाने किंवा मोटारीने मारा गाठतात, सिंह पाहतात आणि नैरोबीला परततात. आम्ही सप्टेंबरात जाताना हे संपूर्ण रान जमिनीवरून, उत्तरेकडून दक्षिणेकडे ओलांडायचे ठरवले. सोबत माझे भाऊजी होते. त्यांची सारी नोकरी चंद्रपूर जिल्ह्याच्या जंगलात झाली असून ते वनक्षेत्रपाल म्हणून निवृत्त झाले आहेत. त्यामुळे या प्रवासात वाघ-सिंहांइतकीच चर्चा चराई, जाळरेषा (वणवा अडवण्यासाठी जाळून ठेवलेले पट्टे) आणि नुकसानभरपाई यांचीही झाली.

शनिवार : नैरोबी

विमान पहाटे उतरले, त्यामुळे हाताशी असलेल्या दिवसात आम्ही नैरोबी राष्ट्रीय उद्यान पाहून घेतले. १९४६ साली स्थापन झालेले हे केनियाचे पहिले राष्ट्रीय उद्यान अवघे ११७ चौरस किलोमीटरचे आहे. त्याच्या तीन बाजूंना कुंपण आहे, आणि दक्षिणेकडची बाजू प्राण्यांच्या ये-जा करण्यासाठी मोकळी आहे. गवतात बसलेल्या गेंड्यामागे शहराच्या उंच इमारती दिसतात आणि उद्यानाच्या डोक्यावरून खांबांवर उभारलेला रेल्वेचा पूल जातो. पेंचमधून जाणाऱ्या महामार्गाखाली ठेवलेले भुयारी मार्ग भाऊजींनी पाहिले होते, त्यामुळे खांबांची उंची आणि त्यांमधले अंतर यांवर त्यांनी बराच वेळ खर्च केला. आमचे चालक त्यांना आदराने 'म्झे' म्हणू लागले ते तेव्हापासून.

तिथेच एक गोष्ट स्पष्ट झाली, जी पुढच्या प्रवासासाठी महत्त्वाची ठरली. केनियातील राष्ट्रीय उद्याने केंद्र सरकारच्या वन्यजीव सेवेकडे आहेत. मसाई मारा मात्र राष्ट्रीय उद्यान नाही. ते राखीव क्षेत्र असून नारोक परगण्याच्या, म्हणजे स्थानिक शासनाच्या ताब्यात आहे. 'म्हणजे ताडोबा चंद्रपूर जिल्हा परिषदेने चालवल्यासारखे झाले,' असे भाऊजी म्हणाले आणि त्यांच्या चेहऱ्यावरून ही कल्पना त्यांना फारशी रुचल्याचे दिसले नाही.

रविवार : नारोकमार्गे नाबोइशो

नैरोबीहून निघालेला रस्ता रिफ्ट खोऱ्याच्या कड्यावरून खाली उतरतो. सकाळी तिथे धुके आणि बोचरा वारा होता, त्यामुळे कड्यावरच्या टपरीतला दुधाळ, गोड चहा अमृतासारखा लागला. नारोकला दुपारचे जेवण झाले. इथे कोळशावर भाजलेले बकऱ्याचे मांस मीठ आणि चिरलेला कांदा-टोमॅटो यांच्यासोबत लाकडी फळीवर तोडून देतात. शाकाहाऱ्यांना चपाती, राजम्यासारखी उसळ आणि सुकुमा विकी नावाची परतलेली पालेभाजी सर्वत्र मिळते. मक्याच्या पिठाचा घट्ट उकडलेला उगाली भाऊजींनी पहिल्याच दिवशी आपलासा केला.

नारोकच्या आजूबाजूला मैलोन् मैल गव्हाची शेते आणि तारेची कुंपणे आहेत, ती नीट पाहून ठेवावीत, कारण माराच्या सगळ्या प्रश्नांचे मूळ तिथे दिसते. गुरे पाळणाऱ्या इथल्या मासाई लोकांची जमीन पूर्वी सामूहिक मालकीच्या 'ग्रुप रँच' या व्यवस्थेत होती. ती पुढे कुटुंबांच्या नावे वाटली गेली. सातबारा हाती आल्यावर माणूस जे करतो तेच इथेही झाले. कोणी कुंपण घातले, कोणी गव्हासाठी जमीन भाड्याने दिली, कोणी विकून टाकली. केनियातील निम्म्याहून अधिक वन्यप्राणी संरक्षित क्षेत्रांच्या बाहेर राहतात, त्यामुळे अशा प्रत्येक कुंपणाबरोबर त्यांची वाट अडते.

यावर मासाई जमीनमालक आणि पर्यटन व्यावसायिक यांनी काढलेला तोडगा म्हणजे 'कन्झर्व्हन्सी'. आम्ही ज्या नाबोइशोत उतरलो ती २०१० च्या सुमारास उभी राहिली. पाचशेहून अधिक मालकांनी आपले शेजारशेजारचे तुकडे एकत्र करून साधारण पन्नास हजार एकरांचे सलग रान तयार केले आणि ते कॅम्पचालकांना भाडेपट्ट्याने दिले. भाडे एकराच्या हिशेबाने ठरलेले असते, पर्यटक किती आले यावर ते अवलंबून नसते. बदल्यात मालक तिथे घर बांधत नाही, कुंपण घालत नाही, नांगरत नाही. कॅम्पांनाही बंधने आहेत. एकरांच्या प्रमाणात तंबूंची संख्या मर्यादित ठेवली जाते, त्यामुळे संध्याकाळच्या फेरीत आम्हाला दुसरी गाडी दिसली ती एकच, तीही दूर टेकाडावर.

(जाणाऱ्यांसाठी : राखीव क्षेत्रात रस्ता सोडून गाडी घालता येत नाही, पायी फिरता येत नाही आणि रात्रीची फेरीही नसते. कन्झर्व्हन्सीत या तिन्ही गोष्टी मार्गदर्शकासह करता येतात. दर जास्त असले तरी तीन रात्रींपैकी किमान एक तरी इथे काढावी. सप्टेंबरातही पहाटे कडाक्याची थंडी असते, स्वेटर आणि कानटोपी विसरू नये.)

सोमवार : नाबोइशो

हा दिवस माझ्या मते संपूर्ण प्रवासातला सर्वांत मोलाचा ठरला, आणि त्या दिवशी आम्ही सिंह एकदाच, तोही झोपलेला पाहिला.

आमचा मार्गदर्शक पंचविशीतला मासाई तरुण होता. तो याच कन्झर्व्हन्सीत असलेल्या मार्गदर्शक-प्रशिक्षण शाळेत शिकला होता. पक्ष्यांची नावे तो इंग्रजीत, स्वाहिलीत आणि मासाईंच्या 'मा' भाषेत सांगे. सकाळी पायी फिरताना त्याने आम्हाला एका गोलाकार, हिरव्यागार हिरवळीवर नेले. आजूबाजूचे गवत कमरेपर्यंत वाढून वाळलेले होते, आणि या सत्तर-ऐंशी पावलांच्या वर्तुळात मात्र ते बोटभर उंचीचे आणि मऊ होते. त्यावर थॉमसन गझेल निवांत चरत होती. ही एका जुन्या 'बोमा'ची, म्हणजे गुरांच्या वाड्याची जागा होती. वाडा उठून कित्येक वर्षे झाली, तरी शेणाने कसदार झालेल्या मातीत गोड गवत उगवत राहते आणि हरिणे तिथेच गोळा होतात. पूर्व आफ्रिकेच्या गवताळ रानात अशी वर्तुळे शतकानुशतके टिकल्याचे संशोधकांनी दाखवले आहे. भाऊजी गुडघ्यावर बसले, बुटाच्या टोकाने माती उकरली, चिमूट हातावर घेऊन चुरगाळली आणि म्हणाले, 'आम्ही तीस वर्षे गुरे हाकलत होतो.' त्यावर ते पुढे काही बोलले नाहीत. माझे मत मात्र त्यांच्याइतके हळवे नाही. फिरत्या गुराख्याचा वाडा आणि गावाला कायमची जोडलेली हजार-पाचशे गुरे यांत फरक आहे, आणि विदर्भातल्या जंगलांवर भार पडला तो दुसऱ्या प्रकाराचा.

दुपारी गुरांचा एक कळप दिसला. कन्झर्व्हन्सीत गुरांना बंदी नाही, ती ठरल्या वेळी, ठरल्या पट्ट्यात आणून पुन्हा बाहेर न्यायची असतात. कोणता पट्टा कधी मोकळा करायचा हे जमीनमालकांची समिती आणि व्यवस्थापक बसून ठरवतात. लाल ओट गवत जून होऊन राठ झाले की विल्डेबीस्ट त्याकडे पाठ फिरवतात. गुरांनी ते खाऊन तुडवले की नवे कोंब फुटतात आणि हरिणांनाही चारा मिळतो. ते थेमेडा या गवतापैकी असून त्याचे भाऊबंद ताडोब्याच्या कुरणांतही आहेत.

कळपामागचा गुराखी वयस्क होता. लाल शुका पांघरलेला, हातात काठी, कमरेला मोबाइल. मार्गदर्शकाने दुभाष्याचे काम केले. त्याची जमीन या कन्झर्व्हन्सीत असून दरमहा भाडे बँकेत जमा होते आणि मुलीची फी त्यातून भागते. तक्रारीही त्याने तितक्याच मोकळेपणाने सांगितल्या. दुष्काळात चराईचे नियम जाचक वाटतात आणि रात्री चोरून गुरे घातली तर दंड होतो. ज्यांना जमीनवाटपात काहीच आले नाही, त्यांना भाडेही नाही आणि कुरणही नाही. बहुतेक जमिनी पुरुषांच्या नावे असल्याने पैसा बाईच्या हाती क्वचितच येतो, हे मार्गदर्शकाने स्वतःहून जोडले. २०२० मध्ये पर्यटक येईनासे झाले तेव्हा भाडे घटले, आणि ही सारी व्यवस्था परदेशी पाहुण्यांच्या विमानतिकिटावर उभी असल्याचे सगळ्यांना कळून चुकले. केनियाने १९७७ पासून शिकार बंद ठेवली आहे, त्यामुळे प्राण्यांपासून उत्पन्न मिळवायचे तर पर्यटन हा एकच रस्ता उरतो.

भाऊजींनी विचारले, सिंहाने गाय मारली तर काय? गुराखी हसला. केनियाच्या २०१३ च्या वन्यजीव कायद्यानुसार माणूस दगावला तर कुटुंबाला ५० लाख शिलिंग मिळण्याची तरतूद आहे, परंतु दावे वर्षानुवर्षे पडून राहतात. त्यामुळे त्याचा भरवसा कायद्यापेक्षा जाळीच्या वाड्यावर आणि दिव्यांवर आहे. वाड्याभोवती रात्रभर आळीपाळीने लुकलुकणारे हे दिवे रिचर्ड तुरेरे या मासाई मुलाने अकराव्या वर्षी नैरोबी उद्यानालगतच्या आपल्या घरी शोधून काढले होते. कोणीतरी कंदील घेऊन फिरत आहे असे सिंहाला वाटते आणि तो जवळ येत नाही. महाराष्ट्रात वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास २५ लाख रुपये मिळतात आणि पंचनामा झाला की फाइल हलते, हे ऐकून गुराख्याने भाऊजींकडे ज्या आदराने पाहिले, त्याची धन्यता ते अजून सांगतात.

मंगळवार : राखीव क्षेत्र आणि मारा ट्रँगल

जुलै ते डिसेंबर या काळात मसाई मारा राखीव क्षेत्राचे परदेशी पाहुण्यांसाठीचे तिकीट माणशी दिवसाला २०० डॉलर आहे, आणि तो दिवस सकाळी सहा ते संध्याकाळी सहा असा मोजला जातो. पैसे रोख घेत नाहीत, कार्ड जवळ असावे. सुमारे १,५०० चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र एकसंध दिसले तरी ते मारा नदीने दोन कारभारांत विभागलेले आहे. पूर्वेकडचा मोठा भाग परगणा थेट चालवतो. पश्चिमेकडचा सुमारे ५१० चौरस किलोमीटरचा त्रिकोण २००१ पासून करार करून 'मारा कन्झर्व्हन्सी' या नफा न कमावणाऱ्या संस्थेकडे सोपवलेला आहे.

दोन्हीकडचा फरक दुपारपर्यंत डोळ्यांनी दिसला. पूर्वेकडच्या नदीकाठी विल्डेबीस्टांचा जथा पाण्यात उतरण्याच्या बेतात होता आणि काठावर पन्नासेक गाड्या एकमेकींना खेटून उभ्या होत्या. जनावरे पुढे यायची, गाड्यांची हालचाल झाली की बिचकून मागे सरायची. तासाभरात असे चार-पाच वेळा घडले आणि शेवटी जथा वळून निघून गेला. आमच्या गाडीतल्या सर्वांना हळहळ वाटली, पण त्या गर्दीत आमचीही एक गाडी होती हे कोणी उच्चारले नाही. नदीपल्याड त्रिकोणात बिबट्याभोवती पाचच गाड्या, बाकीच्या दूर रांगेत, आणि मध्ये वनरक्षकाची गाडी उभी. प्रत्येकाला ठरावीक मिनिटे मिळतात. नियम दोन्हीकडे सारखेच आहेत, अंमलबजावणी करणारा माणूस जागेवर असतो की नसतो एवढाच प्रश्न आहे.

दोन्ही भाग जोडणाऱ्या पुरुंगाट पुलावर गाडीतून उतरायला परवानगी आहे. काठावर वाहून आलेल्या विल्डेबीस्टांची फुगलेली कलेवरे, त्यांवर गिधाडे आणि टकल्या डोक्याचे मराबू करकोचे, आणि नाक दाबूनही चुकवता न येणारा दर्प. खालच्या डोहात पाणघोडे मात्र जणू कशाशीच संबंध नसल्यासारखे डुंबत होते. ही नदी केनियातल्या माऊ जंगलात उगम पावते आणि टांझानियात व्हिक्टोरिया सरोवराला मिळते. माऊची तोड थांबवणे केनियाच्या हाती आहे, उन्हाळ्यात पाणी पुरते की नाही हे मात्र सेरेंगेटीला भोगावे लागते.

पुलाजवळच्या चौकीत एका वनरक्षकाने गस्तीत सापडलेला तारेचा फास दाखवला. भाऊजींनी तो हातात घेतला, गाठ सरकवून पाहिली आणि विचारले, 'क्लचची तार का?' आपल्याकडे दुचाकीच्या क्लचची तार वापरतात. इथला फास कुंपणाच्या तारेचा निघाला, गाठ मात्र तीच. विल्डेबीस्टांच्या मांसासाठी हे फास सीमेच्या दोन्ही बाजूंना लावले जातात, आणि या संस्थेचे वनरक्षक टांझानियाच्या संमतीने पलीकडच्या लामाई पट्ट्यातही गस्त घालतात. दोन देशांमध्ये मासाईंच्या गुरांवरून अधूनमधून कुरबुरी होत असताना फास काढणारे हात असे एकत्र चालतात, हे आम्हाला दोघांनाही अनपेक्षित होते.

बुधवार : इसेबानियाची सीमा आणि रोबांडा

मारा आणि सेरेंगेटी यांच्यामधली सँड नदीची वाट विल्डेबीस्टांना खुली आहे, पर्यटकांना १९७७ पासून बंद. त्यामुळे पश्चिमेला वळसा घालून इसेबानिया-सिरारीच्या नाक्यावरून जावे लागते. वाटेत कुरिया लोकांची मका आणि तंबाखूची शेते लागतात.

(जाणाऱ्यांसाठी : केनियाची पर्यटक गाडी टांझानियाच्या उद्यानांत चालत नाही, सीमेवर गाडी आणि चालक बदलतात, तशी व्यवस्था आधीच करावी. पिवळ्या तापाच्या लसीचे कार्ड नाक्यावर पासपोर्टच्या बरोबरीने पाहतात. प्लास्टिकच्या पिशव्यांवर केनियात २०१७ पासून आणि टांझानियात २०१९ पासून बंदी आहे. आमच्या चकल्या आणि चिवडा स्टीलच्या डब्यात होते म्हणून वाचले.)

तारिमेला व्हिक्टोरिया सरोवरातली तिलापिया मासळी अख्खी तळून, वर लिंबू पिळून समोर आली आणि मालवणी माणसानेही मान डोलवावी अशी ती होती. रात्री मुक्काम सेरेंगेटीच्या पश्चिम वेशीवर रोबांडा गावाजवळ केला. ही जमीन पाच गावांनी मिळून स्थापन केलेल्या इकोना या वन्यजीव व्यवस्थापन क्षेत्रात येते. कागदावर ही नाबोइशोसारखीच गोष्ट आहे : गावांची जमीन, कॅम्पांचे भाडे, गावांना वाटा. व्यवहारात जमीन कोणाच्या व्यक्तिगत नावावर नसते, महसूल सरकारी यंत्रणेतून फिरून मागाहून गावांकडे येतो, आणि ठरावीक पट्ट्यांत परवान्याने शिकारही चालते. कॅम्पवर भेटलेल्या गावच्या एका शिक्षकांनी शाळेच्या दोन खोल्या या पैशातून झाल्याचे सांगितले, आणि आमच्या घरच्या मक्यात रात्री हत्ती शिरतो त्याचा हिशेब मात्र त्या वाट्यात धरलेला नाही, असेही हसत हसत सांगितले.

गुरुवार आणि शुक्रवार : सेरेंगेटी

इकोमा वेशीतून आत शिरल्यावर पहिली जाणीव होते ती माणसांच्या अभावाची. १४,७६३ चौरस किलोमीटरच्या या राष्ट्रीय उद्यानात गाव नाही, गुरे नाहीत, शेत नाही. तीन दिवस सतत दिसणारा लाल शुका अचानक नाहीसा होतो. तिकीट चोवीस तासांचे असते आणि मारापेक्षा बरेच स्वस्त पडते. इथेही कार्डच लागते. सेरोनेराच्या आसपास झाडांवर बिबटे, दगडी टेकाडांवर सिंह आणि क्षितिजापर्यंत पसरलेले सोनेरी गवत या सर्वांविषयी आजवर इतके लिहिले गेले आहे की मी त्यात भर घालत नाही. भाऊजींना आनंद झाला तो काळ्याठिक्कर जळालेल्या पट्ट्यांचा. कोरडा ऋतू वाढण्यापूर्वी उद्यानाचे कर्मचारी ठरवून गवत जाळतात, म्हणजे पुढे मोठा वणवा लागला तरी तो या पट्ट्याशी अडतो. 'जाळरेषा!' असे ते चालत्या गाडीतून ओरडले, आणि नव्या चालकाला काहीतरी दुर्मीळ प्राणी दिसला असे वाटून त्याने करकचून ब्रेक लावला.

शुक्रवारी आम्ही दक्षिणेकडच्या मोरू टेकाडांवर गेलो. इथल्या एका शिळेच्या आडोशाला लाल, पांढऱ्या आणि काळ्या रंगांत मासाई योद्ध्यांनी रंगवलेल्या ढाली आहेत. जवळच एक मोठा खडक आहे, त्यावर दगड आपटला की घंटेसारखा नाद उमटतो. आम्हीही वाजवून पाहिला. दोन-तीन पिढ्यांपूर्वी या कातळाखाली बसून ज्यांनी हे रंग भरले, त्यांच्या नातवंडांना आज इथे गुरे घेऊन पाऊल टाकता येत नाही. सेरेंगेटी १९५१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले तेव्हा मासाई आत राहत होते. १९५९ मध्ये ब्रिटिश सरकारने पूर्वेकडचा न्गोरोंगोरोचा उंच भाग वेगळा काढला आणि पश्चिमेच्या मैदानावरचा हक्क सोडण्याच्या बदल्यात तिथे राहण्याची मुभा मासाईंना दिली. वस्तीविरहित सेरेंगेटी ही त्या सौद्यातून घडलेली आहे, हे फलकांवर थोडक्यात आणि सौम्य शब्दांत लिहिलेले असते.

तरीही मला वाटते की या कडक व्यवस्थेचा गुण नाकारता येणार नाही. २०१० मध्ये उत्तर सेरेंगेटीतून महामार्ग नेण्याचा बेत जाहीर झाला, तेव्हा प्रकरण पूर्व आफ्रिकी न्यायालयात गेले आणि २०१४ मध्ये त्या मार्गावर डांबरी रस्ता करण्यास मनाई झाली. राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा आणि जागतिक वारशाचे नाव पाठीशी नसते तर ही लढाई अधिक अवघड गेली असती. माराच्या भाडेकरारांना अशी ढाल नाही. मुदत संपली आणि गव्हाने जास्त पैसे देऊ केले, तर करार मोडू शकतो. भाऊजींचे मत मात्र उलट होते : ढाल कागदाची असते, फास काढायला शेवटी गावचाच माणूस लागतो.

आतले रस्ते खडीचे असून त्यांवर आडव्या लाटा पडल्या आहेत. पाठीचा त्रास असणाऱ्यांनी कमरपट्टा बांधावा आणि कॅमेरा मांडीवर ठेवू नये. धूळ इतकी की ओला रुमाल नाकावर बांधल्याशिवाय दुपार निघत नाही.

शनिवार : न्गोरोंगोरो

नाबी टेकडीच्या वेशीतून बाहेर पडून थोडे पुढे गेलो आणि लाल शुका पुन्हा दिसू लागला. ८,२९२ चौरस किलोमीटरचे न्गोरोंगोरो संवर्धन क्षेत्र वेगळ्या प्राधिकरणाकडे आहे, आणि माणूस, गुरे व वन्यप्राणी यांनी एकत्र नांदावे हा त्याच्या कायद्याचाच हेतू आहे. रस्त्याच्या एका अंगाला झेब्रे चरत होते आणि दुसऱ्या अंगाला दहा-बारा वर्षांचा मुलगा शेळ्या राखत होता. ही सोबत अनेक पुस्तकांत आदर्श म्हणून मिरवली गेली आहे.

सकाळी विवराच्या कडेवर, २,३०० मीटर उंचीवर, दाट धुके होते. हात पुढे केला तर बोटे ओली व्हायची. गाडी सेनेटोच्या उताराने सहाशे मीटर खाली उतरली आणि ढग मागे राहिले. सुमारे २६० चौरस किलोमीटरच्या या तळात गेंडा, हत्ती, सिंह, मगाडी सरोवरावरचे रोहित पक्षी असे सारे एका सकाळीत दिसते. (खाली उतरण्याचे शुल्क गाडीमागे २९५ डॉलर आहे, तेव्हा गाडीत माणसे भरून गेलेली परवडतात. न्गोइतोकितोक तळ्याकाठी डबा उघडायचा असेल तर गाडीतच उघडावा. तिथल्या घारी हातातली पोळी कशी उचलतात हे आमच्या शेजारच्या गाडीतल्या बाईंनी सोदाहरण दाखवले.)

तळात गुरे मात्र दिसली नाहीत. १९७४ मध्ये विवरातली वस्ती उठवली गेली, आणि पाणी व खारी माती यांसाठी गुरे खाली आणण्याची जुनी मुभाही गेल्या दशकात बंद झाली. वरच्या वस्त्यांना शेती करण्यास मनाई आहे. १९५९ मध्ये आठ हजारांच्या आसपास असलेली लोकसंख्या आता लाखापुढे गेली आहे, त्यामुळे रान पेलणार नाही, असे सरकार म्हणते. २०२२ पासून टांगा प्रांतातल्या म्सोमेरा येथे स्थलांतर सुरू आहे. सरकार ते स्वेच्छेचे असल्याचे सांगते. शाळा-दवाखान्यांचा निधी आटवून नाइलाज निर्माण केला गेला, असे अनेक मासाई सांगतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये हजारो मासाई याच रस्त्यावर जमले आणि सफारीच्या गाड्या थांबल्या. आम्ही गेलो तेव्हा रस्ता शांत होता आणि मुले गाड्यांना हात करत होती.

रविवार : कराटू

संध्याकाळी लोदोआरे वेशीतून बाहेर पडून कराटूला पोहोचलो. मुक्कामाच्या जागी स्वयंपाकघरात काम करणारा तरुण न्गोरोंगोरोतल्या वस्तीतला निघाला. त्याचे काका म्सोमेराला गेले, वडील गेले नाहीत. काकांना तीन खोल्यांचे घर आणि शेतीसाठी पाच एकर मिळाले. भाऊजींनी दोन गावांच्या पुनर्वसनात काम केले होते. कुटुंबामागे दहा लाखांचे पॅकेज, पुढे पंधरा लाख झालेले, पैसे घेऊन वर्षभरात मोटारसायकल विकायला काढणारी पोरे आणि नव्या गावात विहिरीला पाणी लागल्यावर सुखावलेल्या बायका, हे सगळे त्यांनी जवळून पाहिले होते. त्यामुळे त्यांनी घराविषयी काहीच विचारले नाही. 'तिथे गवत कसे आहे, आणि गुरांना पाणी किती लांब?' एवढेच त्यांनी विचारले. तरुण थोडा थांबला आणि म्हणाला की गवत बरे आहे, पण दुसऱ्यांच्या गुरांनी आधीच धरलेले आहे, कारण म्सोमेरा काही रिकामे नव्हते; तिथे आधीपासून राहणाऱ्यांशी आता जमिनीवरून भांडणे चालू आहेत. मग तो उठून आमच्यासाठी गरम मंडाझी, म्हणजे वेलदोडा घातलेल्या तळलेल्या पोळ्या, घेऊन आला. भाऊजींनी त्याच्याकडून काकांच्या गावाचे नाव चिठ्ठीवर लिहून घेतले.

(परतणाऱ्यांसाठी : पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रातच घ्यावी, आणि कार्ड हातातल्या पिशवीत ठेवावे. मुंबई विमानतळावर आरोग्य कक्षात ते पाहिल्याशिवाय पुढे सोडत नाहीत, आणि नसेल तर विलगीकरणाची वेळ येते. केनियासाठी व्हिसाऐवजी आता ऑनलाइन प्रवेश-परवाना लागतो, टांझानियाचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. कन्झर्व्हन्सीचे आरक्षण करताना भाडे जमीनमालकांपर्यंत थेट जाते का, हे कॅम्पला जरूर विचारावे. चांगले कॅम्प या प्रश्नाचे उत्तर आनंदाने देतात.)